ममी, रीळ आणि बुरशी

आमच्या आजोळच्या माळ्यावर पत्र्याचा एक गोल डबा होता. आजोबांना एके काळी कॅमेऱ्याची हौस होती, त्यांनी उतरवलेली आठ मिलिमीटरची घरगुती फिल्म त्यात होती. मामाने तो डबा जिवापाड जपला. झाकणाच्या कडेनं चिकटपट्टीचे तीन वेढे, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर सुतळी. पंचवीसेक वर्षांनी आम्ही तो उघडला आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "काय सांडलं रे?" फिल्म आक्रसली होती, कडा झालरीसारख्या वळल्या होत्या, वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मामा बिचारा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "अरे, इतकं घट्ट बंद करून ठेवलं होतं!"

पुढे कधीतरी कळलं की घट्ट बंद केलं हेच चुकलं होतं. ती फिल्म ॲसिटेटची. उष्ण, दमट हवेत ॲसिटेट हळूहळू मोडतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. व्हिनेगरला आंबट वास असतो तो याच ॲसिडचा. हे ॲसिड बाहेर गेलं नाही तर उरलेल्या फिल्मला आणखी वेगानं खातं. डबा जितका घट्ट, तितका नाश जलद. म्हणून फिल्म सांभाळणारी मंडळी थंड, कोरडी आणि हवा खेळती राहील अशी जागा मागतात.

हा डबा मला आठवतो तो इजिप्तवरचे सिनेमे पाहताना. एका टोकाला सत्तर दिवस मीठ लावून, राळ फासून, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून माणूस कायमचा टिकवू पाहणारी संस्कृती. दुसऱ्या टोकाला जिलेटिनच्या पातळ थरात चांदीचे कण बसवून माणसाची हालचाल टिकवू पाहणारं यंत्र. दोघांचाही शत्रू एकच: काळ, ओल आणि बुरशी. ही सांगड मी घातलेली नाही. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकानं १९४५ साली छायाचित्रावर एक निबंध लिहिला आणि त्याची सुरुवातच ममीपासून केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चित्र, शिल्प या कलांच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर मेलेल्याचं शरीर राखून काळाला हुलकावणी देण्याची इच्छा सापडेल. छायाचित्रानं ती इच्छा यंत्राच्या हाती सोपवली. सिनेमा त्याच्याही पुढे गेला. त्यात वस्तू तर राखली जातेच, तिचं बदलणंही राखलं जातं. बदलाचीच ममी.

आता 'प्रायोगिक सिनेमा' या शब्दाला बिचकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. ख्यालगायनात बंदिशीचे शब्द चार ओळींत संपतात, आणि तरी आपण पाऊण तास बसतो, कारण ऐकायचा असतो तो राग. प्रायोगिक सिनेमात गोष्ट ही बंदिशीसारखी, असली तर असते. पाहायचं असतं ते काळ कसा सरकतो, उजेड कसा पडतो, खुद्द फिल्मची पट्टी कशी वागते. 'पुढे काय झालं?' विचारत बसलात तर कंटाळा येणार, हे मात्र मी कबूल करतो. मलाही येतो.

इजिप्तकडे वळू. तिथल्या मृत्यूविषयीच्या कल्पनांत एक गैरसमज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो, की त्यांना फक्त देह टिकवायचा होता. देह महत्त्वाचा होताच. नॅट्रॉन नावाच्या खाऱ्या क्षारात तो सुकवायचे. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढून वेगळ्या बरण्यांत भरायचे. मेंदू सरळ टाकून द्यायचे आणि हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचे, कारण पुढे त्याचं वजन व्हायचं असे, मआत या सत्याच्या देवतेच्या पिसासमोर. पण माणूस म्हणजे केवळ देह नव्हे. त्याचं नाव हाही त्याचा एक भाग, आणि त्याची सावली हाही. नाव पुसलं की माणूस खऱ्या अर्थानं मेला. म्हणून नको झालेल्या राजाची नावं छिन्नीनं खोडून काढत. सावली आणि नाव. सिनेमाच्या पडद्यावर आणि श्रेयनामावलीत दुसरं असतं तरी काय?

आणखी एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्याची ती किल्ली आहे. इजिप्शियन भाषेत 'अनंतकाळ' या अर्थाचे दोन शब्द होते, नेहेह आणि जेत. नेहेह म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा काळ: सूर्य उगवतो, मावळतो, परत उगवतो, नाईलला पूर येतो, ओसरतो, परत येतो. जेत म्हणजे पूर्ण झालेला आणि तसाच टिकून राहिलेला काळ: दगड, ममी, मृतांचा देव ओसायरिस. इंग्रजीत याचं भाषांतर करताना पंडितांची दमछाक होते. आपली होऊ नये, कारण आपल्याकडे 'नित्य' हा शब्द आहे. 'नित्य आत्मा' म्हणतो तेव्हा तो कधीही न बदलणारा. 'नित्यनेमानं देवळात जातो' म्हणतो तेव्हा तो रोज, फिरून फिरून. एकाच शब्दात जेतही आणि नेहेहही. म्हणजे 'अनित्य' व्हायचेही दोन प्रकार झाले: एक तर झिजून नाहीसं व्हायचं, नाहीतर पुन्हा यायचं थांबायचं.

रीळ हातात घेतलं की दोन्ही दिसतात. उजेडासमोर धरलेली एक चौकट गोठलेली असते, हात वर केलेला माणूस हात वरच करून उभा. तेच रीळ प्रोजेक्टरवर चढवलं, सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबानं फिरवलं, की हात खाली येतो. टिकण्यासाठी चौकट हवी, जगण्यासाठी फिरणं हवं. पण प्रत्येक फेरीला पट्टीवर ओरखडे पडतात. जिवंत करायचं तर झिजवावं लागतं. मामाचा डबा, राजांची थडगी आणि मी सांगणार आहे ते बहुतेक सिनेमे याच पेचाभोवती फिरतात.

त्यातला सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर म्हणजे शादी अब्देल सलाम यांचा 'अल-मूमिया', १९६९. 'वर्षं मोजण्याची रात्र' अशा अर्थाच्या इंग्रजी नावानंही तो ओळखला जातो. शादी मूळचे अलेक्झांड्रियाचे, जन्म १९३०, शिक्षणानं वास्तुरचनाकार. परदेशी दिग्दर्शकांच्या भव्य इजिप्तपटांसाठी त्यांनी वेशभूषा आणि सजावटीचं काम केलं होतं. पूर्ण लांबीचा कथापट त्यांनी उभ्या आयुष्यात हा एकच केला. इटलीचे दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी पाठीशी उभे राहिले म्हणून तो झाला.

त्यामागची हकिगत खरी आहे. लक्सरच्या पश्चिम तीरावर, डोंगराच्या कुशीत, अब्द अल-रसूल नावाच्या घराण्याला एक खोल विवर सापडलं होतं. आत राजांच्या ममी. झालं असं होतं की इसवी सनापूर्वीच्या अकराव्या-दहाव्या शतकांत थडगी फोडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा पुरोहितांनी राजांचे देह मूळ थडग्यांतून काढले, फाटलेल्या पट्ट्या बदलल्या, कापडावर कोण कुठला ते शाईनं लिहून ठेवलं, आणि कालांतरानं सगळ्यांना इथे एकत्र लपवलं. जवळजवळ तीन हजार वर्षं ते तिथे होते. मग या घराण्याच्या हाती लागले. त्यातल्या वस्तू एकेक करून दलालामार्फत बाजारात यायला लागल्या, पुराणवस्तू खात्याला संशय आला, घरातल्याच एकानं तोंड उघडलं आणि जुलै १८८१ मध्ये खात्याचे अधिकारी एमिल ब्रुग्श त्या विवरात उतरले. दुसरा रामसेस, त्याचा बाप पहिला सेती, तिसरा थुतमोस. चाळीसहून अधिक ममी. चोरी व्हायच्या भीतीनं काही दिवसांत सगळं बाहेर काढून बोटीनं कैरोकडे रवाना केलं. नाईलच्या काठानं गावोगावच्या बायका केस सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते, असं त्या वेळच्या वृत्तांतात आहे. घरचं माणूस गेल्यावर करतात तसं.

यावर चोर-पोलिसाचा झकास सिनेमा झाला असता. शादींनी तो केला नाही. त्यांचा सिनेमा सुरू होतो कैरोत, एका टेबलाभोवती. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मास्पेरो सहकाऱ्यांना मृतांच्या ग्रंथातला, म्हणजे परलोकासाठीच्या प्राचीन इजिप्शियन मंत्रसंग्रहातला, एक उतारा वाचून दाखवतात: परलोकात मेलेल्याला आपलं नाव आठवावं म्हणून केलेली प्रार्थना. ज्याला नाव आठवत नाही तो आत्मा भटकत राहतो. मग आपण थेट डोंगरात, टोळीच्या प्रमुखाच्या अंत्ययात्रेत. त्याच्या दोन मुलांना आज पहिल्यांदाच कळणार आहे की आपलं घर चालतं कशावर.

काका दोघांना विवरात नेतो. मशालीचा उजेड. काका ममीवर वाकतो, सुरी चालवतो, पट्ट्या टराटरा फाडतो आणि गळ्यातला सोन्याचा डोळा ओढून काढतो. धाकटा वनीस बघत राहतो. शादी इथे संगीत चढवत नाहीत, कोणाला किंचाळायला लावत नाहीत. आपल्याला ऐकू येतो तो वाळलेलं काहीतरी मोडल्याचा आवाज. तेवढ्यात पोराच्या डोक्यात सगळं उलटंपालटं होतं: आजवर खाल्लेली प्रत्येक भाकरी कोणाच्या तरी गळ्यातून ओरबाडलेली होती. थोरला भाऊ साफ नकार देतो आणि त्याचा खून होतो. वनीस भटकतो, देवळांच्या अजस्र खांबांमधून, रेतीत पडलेल्या एका दगडी मुठीजवळून, जी त्याच्यापेक्षा उंच आहे. शेवटी तो खात्याच्या अधिकाऱ्याकडे जाऊन सगळं सांगतो.

ही झाली गोष्ट. सिनेमा वेगळाच आहे. माणसं सावकाश चालतात, जणू एखाद्या भित्तिचित्रातून उठून आली आहेत. बरीचशी दृश्यं पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या उजेडात घेतलेली, त्यामुळे दिवस नेमका सुरू होतोय की संपतोय ते कळत नाही. आणि ही डोंगरातली माणसं बोलतात ती रोजची बोली नव्हे, अभिजात ग्रंथिक अरबी. चंदगडच्या डोंगरातला गुराखी अचानक किर्लोस्करांच्या नाटकातलं मराठी बोलू लागला तर आपल्याला जसं वाटेल, तसं अरब प्रेक्षकाला वाटत असणार. पहिली दहा मिनिटं खटकतं. मग लक्षात येतं की बोलणारे इथले आहेत आणि भाषा आणखी कुठल्या तरी काळातली आहे, आणि नेमकं हेच दाखवायचं आहे.

मला या सिनेमात सर्वांत धाडसी वाटतं ते हे की तो कोणालाच पूर्ण बरोबर ठरवत नाही. टोळी चोर आहे, पण त्या ममी त्यांच्याच मातीतल्या, त्यांच्या पोटाचा तो एकमेव आधार. कैरोचे लोक ज्ञानासाठी आले आहेत, पण येतात ते डोक्यावर तुर्की टोप्या घालून, हातात बंदुका घेतलेल्या शिपायांसह, वाफेच्या बोटीवरून. सरकारी सर्वेक्षण गावात आलं की गावकऱ्याच्या पोटात जो गोळा येतो, तो यात आहे. पहाटे शवपेट्या खांद्यांवरून उतरतात, रांगेनं बोटीकडे जातात. टोळी लांबून बघते. बोट निघून जाते आणि वनीस काठावर एकटा उरतो. राजांना त्यांची नावं परत मिळाली, यानं स्वतःचं घर गमावलं. पडद्यावर शेवटी मृतांच्याच ग्रंथातल्यासारख्या ओळी येतात: ऊठ, तुझा नाश होणार नाही, तुला नावानं हाक मारली आहे. हाक रामसेसला आहे की वनीसला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता गंमत बघा. ज्या दुसऱ्या रामसेसला त्या विवरातून 'वाचवलं', त्याच्या देहावर कैरोच्या संग्रहालयात बुरशी धरली. १९७६ साली त्याला विमानानं पॅरिसला नेलं, तपासलं आणि गॅमा किरणांनी बुरशी मारून परत आणलं. डोंगराच्या कोरड्या पोटात तीन हजार वर्षं ज्याला फारसं काही झालं नव्हतं, त्याला माणसांच्या गर्दीत शंभर वर्षंही सोसली नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये २२ राजा-राण्यांच्या ममी कैरोतल्या जुन्या संग्रहालयातून नव्या संग्रहालयात हलवल्या, तेव्हा त्यांना नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत ठेवलं होतं आणि सोनेरी गाड्यांची मिरवणूक जगभर थेट दाखवली. शादींच्या पहाटेच्या मिरवणुकीशेजारी ती ठेवून बघावी. मला जुनी जास्त खरी वाटते, पण हा माझा आकस असेल.

बुरशीवरून थेट पुढच्या सिनेमाकडे जाता येतं. त्यात इजिप्तचं नावही नाही, तरी या विषयावरचा इतका नेमका सिनेमा दुसरा मला माहीत नाही. बिल मॉरिसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'डिकेशिया', २००२. मॉरिसननं कॅमेरा जवळजवळ उचललाच नाही. संग्रहालयांत सडत पडलेली जुनी रिळं शोधली आणि सडली होती तशीच वापरली. ही रिळं नायट्रेटची. १९५० च्या आसपासपर्यंत व्यावसायिक सिनेमा बहुतांशी नायट्रेटवर असे. पडद्यावर ते दिसतं अप्रतिम, आणि आहे ते बंदुकीच्या दारूचं सख्खं भावंडं. पेटलं तर पाण्याखालीही जळत राहतं, कारण लागणारा ऑक्सिजन त्याच्यातूनच निघतो. नाही पेटलं तर सावकाश कुजतं: आधी चित्र फिकं होतं, मग पट्टी चिकट होते, फुगे येतात, सगळ्याचा एक गोळा बनतो आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी.

'डिकेशिया'त एक मुष्टियोद्धा आहे. मूळ चित्रणात तो ठोसे मारण्याच्या पिशवीवर सराव करत असणार. पण चौकटीचा तेवढाच उजवा भाग कुजला आहे. पिशवी गेली, तिच्या जागी खदखदणारा, वरखाली सळसळणारा डागांचा खांब आहे, आणि हा गडी जिवाच्या करारानं त्या कुजण्यालाच ठोसे मारतो आहे. कुजणं जागचं हलत नाही. तोही थांबत नाही. कोणी पटकथेत असा प्रसंग लिहिला असता तर मी म्हटलं असतं, फार झालं बुवा. इथे तो रसायनानं लिहिला आहे. मायकेल गॉर्डननं केलेल्या संगीतात वाद्यंही मुद्दाम किंचित बेसूर लावलेली आहेत, म्हणजे कानालाही कुजणं ऐकू यावं. सुरुवातीला आणि शेवटी एक दरवेश गिरक्या घेत राहतो. नेहेह, असं मी मनात म्हणतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २०१३ साली हा सिनेमा घेतला गेला, एकविसाव्या शतकातला पहिलाच. राष्ट्राचा ठेवा म्हणून नोंदवलेली सडकी फिल्म!

नायट्रेटचं नाव निघालं की पुणेकरांना वेगळं काही सांगावं लागत नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची तिथे ठेवलेली नायट्रेटची रिळं जळाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळंही होती. इन्स्टिट्यूट उभी आहे ती प्रभात स्टुडिओच्याच जागेवर, म्हणजे जिथे ते चित्रपट जन्मले तिथेच त्यांची चिता झाली. बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती आधी काढल्या होत्या म्हणून ते आजही पाहता येतात, पण मूळ रीळ ते मूळ रीळ. आपले मूकपट तर आगीचीही वाट न पाहता गेले. हजाराहून अधिक निघाले, टिकले ते फारच थोडे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे काही तुकडे आहेत. 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. कित्येक रिळं भंगारात गेली, कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवरच्या चित्रात चांदी असते आणि ती काढून विकता येते. वनीसच्या काकाला ही मंडळी चटकन ओळखू आली असती.

ममी बनवण्याच्या कृतीच्या सर्वांत जवळ जाणारा सिनेमा मात्र जेमतेम चार मिनिटांचा आहे. स्टॅन ब्रॅकेज, 'मॉथलाइट', १९६३. हातात फिल्मला पैसे नव्हते. दिव्यावर झेपावून मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती त्यानं गोळा केली आणि पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांमध्ये दाबून बसवली. कॅमेरा नाहीच. त्या पट्टीची प्रत काढून प्रोजेक्टरवर चढवली, आणि उजेडापायी मेलेले ते पतंग त्याच उजेडात पुन्हा फडफडायला लागले. यावर आणखी बोलू नये.

इजिप्तचे देव घाऊक भावात वापरणारेही आहेतच. केनेथ अँगरनं सत्तरच्या दशकाच्या आगेमागे 'ल्युसिफर रायझिंग' केला, गीझा आणि कर्नाकला जाऊन आयसिस आणि ओसायरिस उभे केले. चित्रं देखणी, पण मला त्यात इजिप्त हा अंगावर घातलेला झगा वाटतो. मॅथ्यू बार्नीचा 'रिव्हर ऑफ फंडामेंट' (२०१४) पाच तासांहून मोठा. नॉर्मन मेलरच्या इजिप्तवरच्या कादंबरीवरून स्फुरलेला, पुनर्जन्म घेणाऱ्या माणसाच्या जागी तोडलेल्या, वितळवलेल्या अमेरिकन मोटारी. कल्पना जबर आहे. पुराणकथेत भावाच्या हातून ओसायरिसचे तुकडे झाले, तसे मोटारींच्या डेट्रॉइट शहराचे झाले, हे पटतंही. पण अजीर्ण होतं.

त्यापेक्षा वाएल शौकी पाहावा. हाही अलेक्झांड्रियाचा, जन्म १९७१. अबिडोसच्या प्राचीन देवळाला खेटून अल-अराबा अल-मदफूना नावाचं गाव आहे. 'मदफूना' म्हणजे पुरलेलं. तिथले लोक पुरलेलं धन मिळेल या आशेनं स्वतःच्या घरांखाली खणत होते, आणि कुठे खणायचं ते मांत्रिक सांगत होता. शौकीनं हे पाहिलं आणि पुढे त्यावर तीन चित्रकृती केल्या. त्यांत सगळी पात्रं लहान मुलं करतात. डोक्याला फेटे, ओठांवर खोट्या मिशा, आणि तोंडून निघतो मोठ्या माणसाचा भारदस्त आवाज. सुरुवातीला हसू येतं. मग ती पोरं इतक्या गंभीर चेहऱ्यानं पिढ्यान् पिढ्यांच्या कथा सांगत राहतात की अंगावर काटा येतो. वारसा म्हणजे हेच तर असतं, कोणा दुसऱ्याचा आवाज आपल्या तोंडून निघणं. आपल्याकडेही गुप्तधनापायी घराची फरशी उखडणारे आहेत, त्यामुळे भाषा कळली नाही तरी गाव ओळखीचं वाटतं.

'इजिप्शियन लोकांना मृत्यूनंतर सगळं टिकेल याची खात्रीच होती' असं आपण समजतो, तेही अर्धसत्य आहे. थडग्यांमध्ये कोरलेली वीणावादकांची गाणी आहेत. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध इन्तेफ राजाच्या नावानं ओळखलं जातं. ते सरळ विचारतं: इम्होतेप आणि हार्देदेफ यांची वचनं सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यांची घरं कुठे आहेत? भिंती ढासळल्या, जागाही उरली नाही. तिकडून परत येऊन तिथली हकिगत सांगणारा कोणी नाही. बरोबर काही नेता येत नाही, तेव्हा आजचा दिवस साजरा कर. हे थडग्यात! तुकोबांच्या पंक्तीत सहज बसले असते. आणि नंतरच्या काळातल्या एका पपायरसवर लेखकांविषयी लिहिलं आहे की त्यांनी पिरॅमिड बांधले नाहीत, पुस्तकं हेच त्यांचे पिरॅमिड, वाचणाऱ्याच्या तोंडी त्यांचं नाव राहतं. म्हणजे दगडाचा भरवसा नाही हे दगड रचणाऱ्यांना माहीत होतं. भरवसा होता तो हाक मारणाऱ्यावर.

शादींनी 'अल-मूमिया'नंतर लगेच, १९७० मध्ये, वीसेक मिनिटांचा लघुपट केला, तो याच वळणाचा. चारेक हजार वर्षांपूर्वीची 'वाक्पटू शेतकऱ्या'ची कथा. त्याची गाढवं आणि माल एक माणूस हडप करतो. शेतकरी अधिकाऱ्याकडे दाद मागतो, आणि इतकं सुंदर बोलतो की अधिकारी राजाला जाऊन सांगतो. राजाचा हुकूम: त्याला उत्तर देऊ नका, म्हणजे तो बोलत राहील, आणि बोलेल ते सगळं लिहून घ्या. घरी बायकापोरांना धान्य पोचवा, पण त्याला कळू देऊ नका. बिचारा नऊ वेळा गाऱ्हाणं मांडतो. न्याय शेवटी मिळतो, पण त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं ते न्याय लांबला म्हणून. कोर्टाची पायरी चढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट पाहून नेमकं काय वाटेल, सांगणं अवघड आहे.

'अल-मूमिया'ची मूळ निगेटिव्ह इजिप्तमध्ये जपलेली होती. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या पुढाकारानं स्थापन झालेल्या संस्थेनं २००९ मध्ये बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तिचं पुनरुज्जीवन करून घेतलं, म्हणून तो पहाटेचा निळसर उजेड आज आपल्याला दिसतो. शादींनी हे पाहिलं नाही. ते १९८६ मध्येच गेले.

जाण्याआधीची दहाहून अधिक वर्षं ते एकाच सिनेमाच्या मागे होते. विषय होता अखेनातेन, जुने देव मोडीत काढून एकाच सूर्यबिंबाची पूजा सुरू करणारा राजा, ज्याचं नाव त्याच्या मृत्यूनंतर भिंतीभिंतींवरून छिन्नीनं खोडण्यात आलं. शादींनी प्रत्येक मुकुट, प्रत्येक खुर्ची, प्रत्येक वस्त्राची चुणी कागदावर काढली. पैसा उभा राहिला नाही. एकही दृश्य चित्रित झालं नाही. ती रेखाटनं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात कायमच्या प्रदर्शनात मांडली आहेत: रंगवलेली सिंहासनं, दागिने, रथ, सगळं जय्यत तयार, आणि मधली जागा रिकामी.